दुःखाचा दाखला कशासाठी?

माझा एक मित्र ट्रान्स पुरुष आहे. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली. आपण पुरुष आहोत हे उमगायला त्याला एकोणीस वर्षं लागली आणि ते दुसऱ्याला सांगायला आणखी सहा. हार्मोन सुरू करायचे तर आधी मनोविकारतज्ज्ञाचं पत्र लागतं, म्हणून त्याने वेळ घेतली. आदल्या रात्री तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तू डॉक्टर हो. मला प्रश्न विचार."

मी विचारत गेले. लहानपणी कोणाशी खेळायचात? मुलांशी. कोणते खेळ? क्रिकेट, पतंग. बाहुल्या होत्या का? इथे तो अडला. त्याच्याकडे डबाभर बाहुल्या होत्या. चिंध्या गोळा करून तो त्यांचे कपडे शिवायचा आणि त्यात त्याच्या दुपारच्या दुपारी जायच्या. "हे सांगू का?" त्याने विचारलं. "सांगितलं तर ते म्हणतील, मग तू पुरुष कसा?" बरीच चर्चा करून आम्ही बाहुल्या गाळायचं ठरवलं. पुढचा प्रश्न: आरशात बघताना काय वाटतं? खरं उत्तर असं होतं, की आरशाचं त्याला फारसं काही वाटत नसे. त्याला छळायचा तो फोनवर ऐकू येणारा स्वतःचा आवाज. पण आवाजाचं दुःख पुरेसं मोठं वाटेल का, याची त्याला खात्री नव्हती. "आरसा बघवत नाही असंच सांगतो," तो म्हणाला.

हा माणूस खोटं बोलणारा नाही. दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरणारा आहे. डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायची तयारी करत होता, कारण तिथे आपल्याला काय हवंय हे कोणी विचारणार नाही, आपण खरे आहोत की नाही हे तपासलं जाणार, असं त्याला पक्कं माहीत होतं. त्याची ही समजूत कुठून आली, याचा शोध घेताना मी निदानाचे निकष वाचायला बसले. ते वाचून माझं जे मत झालं ते इथे मांडते आहे.

अशा निदानासाठी सध्या जगभर प्रामुख्याने दोन ग्रंथ वापरले जातात. एक अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचा, डीएसएम. त्याची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि तिची सुधारित प्रत २०२२ मध्ये. दुसरा जागतिक आरोग्य संघटनेचा, आयसीडी. त्याची अकरावी आवृत्ती २०१९ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. डीएसएम हा फक्त मानसिक विकारांचा ग्रंथ आहे. आयसीडीत सगळंच येतं, हाडं मोडण्यापासून बाळंतपणापर्यंत.

डीएसएम-५ मधल्या निदानाचं नाव जेंडर डिसफोरिया. मोठ्या माणसांसाठी त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात सहा लक्षणं दिली आहेत: अनुभवास येणारा लिंगभाव (आपण पुरुष, स्त्री की आणखी कोणी, ही आतली जाणीव) आणि शरीराची लैंगिक वैशिष्ट्यं यांत ठळक तफावत असणं, ती वैशिष्ट्यं नकोशी होणं, दुसऱ्या लिंगाची वैशिष्ट्यं हवीशी वाटणं, दुसऱ्या लिंगाचं असावं असं तीव्रतेने वाटणं, लोकांनी आपल्याला तसं वागवावं असं वाटणं, आणि आपल्या भावना व प्रतिक्रिया दुसऱ्या लिंगाच्या माणसांसारख्या आहेत अशी खात्री असणं. यांपैकी किमान दोन गोष्टी किमान सहा महिने असायला हव्यात. पण तेवढ्याने भागत नाही. दुसरा भाग सांगतो की या अवस्थेमुळे वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगा त्रास होत असला पाहिजे, किंवा घर, काम, समाजातला वावर यांत अडथळा येत असला पाहिजे. त्रास नाही तर निदान नाही.

आयसीडी-११ मधलं नाव जेंडर इन्कॉन्ग्रुअन्स. व्यक्तीला जाणवणारा लिंगभाव आणि जन्मावेळी नोंदलं गेलेलं लिंग यांच्यात ठळक आणि टिकून राहणारी तफावत, हा त्याचा गाभा. ती किमान काही महिने सलग असावी, पौगंडावस्था सुरू होण्याआधी हे निदान लावू नये, आणि केवळ वागणं किंवा आवडीनिवडी चाकोरीबाहेरच्या आहेत एवढ्यावरून तर मुळीच लावू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्रास असू शकतो हे ग्रंथ नाकारत नाही. त्रासाची अट मात्र घालत नाही. आणखी एक मोठा फरक जागेचा. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे १९९० सालच्या आवृत्तीत, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणात एफ ६४ या क्रमांकाखाली होता. आता तो तिथून उचलून लैंगिक आरोग्याशी संबंधित अवस्थांच्या नव्या प्रकरणात ठेवला आहे.

दोन्ही ग्रंथांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. डीएसएममध्ये त्रासाची अट ठेवणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे, कारण ते चांगल्या मनाने केलेलं आहे. १९८० मध्ये डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत ट्रान्ससेक्शुअलिझम हे निदान आलं, १९९४ मध्ये त्याचं जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर झालं. म्हणजे माणसाची ओळख हाच विकार. २०१३ मध्ये नाव बदलताना भूमिका घेतली गेली की ट्रान्स असणं हा विकार नाही, त्यातून येणारा क्लेश हा उपचाराचा विषय आहे. ज्याला क्लेश नाही त्याच्यावर शिक्का बसू नये, म्हणून त्रासाची अट. कागदावर हे न्याय्य दिसतं.

प्रत्यक्षात ज्याला उपचार हवे आहेत त्याला या अटीचा अर्थ एवढाच कळतो, की दुःख दाखवल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि दार उघडायचं असेल तर माणसं दुःख दाखवतात. ज्यांना ते आहे ते वाढवून सांगतात आणि ज्यांना नाही ते शिकून घेतात. हा माझा तर्क नाही, याला इतिहास आहे.

१९६६ साली हॅरी बेंजामिन या डॉक्टरांनी ट्रान्स रुग्णांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिंगबदल शस्त्रक्रियांचं क्लिनिक सुरू झालं. पुढे अशी क्लिनिकं वाढली आणि बेंजामिन यांच्या पुस्तकातलं वर्णन रुग्ण पारखायचं मोजमाप बनलं. अगदी लहानपणापासून खात्री, स्वतःच्या शरीराची घृणा, चुकीच्या देहात अडकल्याची भावना. येणारे रुग्ण या वर्णनाला आश्चर्यकारकरीत्या जुळायचे. सगळ्यांच्या कहाण्या सारख्याच का, हे डॉक्टरांच्या लक्षात यायला काही वर्षं गेली. पुस्तक जसं डॉक्टरांनी वाचलं होतं तसं रुग्णांनीही वाचलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नॉर्मन फिस्क यांनी १९७३ मध्ये हे लिहून ठेवलं की सुरुवातीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची जीवनकथा पाठ केल्यासारखी, तालीम करून आणल्यासारखी होती. गंमत म्हणजे याच फिस्क यांनी जेंडर डिसफोरिया हा शब्द रूढ केला, आणि तो त्यांनी व्याख्या सैल करण्यासाठी आणला होता. एकाच साच्यात न बसणाऱ्या माणसांनाही मदत मिळावी, हा त्यामागचा विचार होता.

पाठ केलेली कथा सांगायची नाही असं ठरवणाऱ्यांचं काय झालं, त्याचं उदाहरण लू सलिव्हन यांचं. ते ट्रान्स पुरुष होते आणि त्यांना पुरुष आवडत. त्यांनी हे लपवलं नाही. तेव्हाच्या समजुतीनुसार खरा ट्रान्स पुरुष तोच, जो पुरुष होऊन स्त्रीवर प्रेम करेल. पुरुष आवडत असतील तर बाईच राहा की, असा हिशेब. १९८० मध्ये स्टॅनफर्डने त्यांना नकार दिला. त्यांनी दुसरीकडे उपचार मिळवले, आपल्यासारख्या इतर ट्रान्स पुरुषांना एकत्र आणलं, आणि लैंगिक कल हा पात्रतेचा निकष असू नये म्हणून तज्ज्ञांशी सतत भांडत राहिले. १९९१ मध्ये एड्सने त्यांचा मृत्यू झाला. डीएसएममध्ये निदानाबरोबर लैंगिक कल नोंदवायची पद्धत पुढेही चालू राहिली आणि ती २०१३ च्या आवृत्तीत काढून टाकली गेली.

आता माझ्या मित्राच्या बाहुल्यांकडे परत येते. मी दोन्ही ग्रंथ चाळले तेव्हा मला धक्का बसला तो यासाठी, की प्रौढ माणसाच्या निकषांत बाहुल्या कुठेच नाहीत. डीएसएम-५ मध्ये नाहीत, आयसीडी-११ मध्येही नाहीत. लहानपणी कोणाशी खेळलात, हा मोठ्या माणसाच्या निदानाचा भागच नाही. तरीही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सातव्या की आठव्या मिनिटाला तोच प्रश्न विचारला. निकष बदलले, प्रश्न बदलले नाहीत. साठ वर्षांपूर्वीचं वर्णन अजून डॉक्टरांच्या सवयीत आणि रुग्णांच्या भीतीत जिवंत आहे. म्हणून निव्वळ दोन ग्रंथांतल्या ओळी शेजारी ठेवून तुलना करणं मला अपुरं वाटतं. कोणत्या निकषामुळे खोलीत कोणतं संभाषण होतं, हे पाहिलं पाहिजे.

मराठीत बोलणाऱ्याला तर या खोलीत लपायला जागाच नाही. 'मी आलो' म्हणायचं की 'मी आले', हे दारातून पाऊल टाकतानाच ठरवावं लागतं. मित्र म्हणाला, "येऊ का? मी दहाची वेळ घेतली होती, जरा लवकर आलोय." डॉक्टरांनी कागदावरचं नाव वाचलं, मग वर पाहिलं. आपल्याला पुरुष म्हणून वागवलं जावं ही इच्छा दोन्ही ग्रंथांत लक्षण म्हणून नोंदलेली आहे. ती त्याने त्या एका क्रियापदात सांगून टाकली होती. डॉक्टरांनी मात्र पुढची पन्नास मिनिटं "तुम्ही लहान असताना कशा होतात?" असे प्रश्न विचारले आणि प्रत्येक विशेषण स्त्रीलिंगी वापरलं. पत्र मिळेपर्यंत ते दुरुस्त करायची त्याची हिंमत झाली नाही.

त्रासाच्या अटीबद्दल माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्रास मोजायचा तर तो कशामुळे होतो हे कळायला हवं. आयसीडी-११ ची तयारी चालू असताना मेक्सिको सिटीतल्या एका क्लिनिकमध्ये २५० ट्रान्स प्रौढांचा अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी मानसिक त्रास अनुभवला होता. बहुतेकांना नाकारलंही गेलं होतं, सर्वांत जास्त घरच्यांकडून. अनेकांनी मारहाण आणि हिंसा सोसली होती, आणि त्यातली जवळजवळ अर्धी घरातल्याच कोणाकडून. संशोधकांनी विचारलं की या माणसांचा त्रास आणि कामकाजातली अडचण कशावरून जास्त सांगता येते, लिंगभावाच्या तफावतीवरून की नकार आणि हिंसेवरून? उत्तर आलं, नकार आणि हिंसेवरून. पुढे इतर देशांतही असेच अभ्यास झाले, आणि मानसिक विकारांच्या प्रकरणातून हा विषय बाहेर काढण्यामागे या पुराव्याचा वाटा आहे.

याचा अर्थ नीट पाहा. ज्या मुलीला घरच्यांनी मुलगी म्हणून स्वीकारलं, शाळेने सांभाळलं, मैत्रिणींनी साथ दिली, ती ट्रान्स तरुणी विशीत डॉक्टरसमोर शांत चेहऱ्याने बसेल. तिला हार्मोन हवेत, का हवेत हे तिला नेमकं सांगता येतं, पण तिच्या आयुष्याची वाताहत झालेली नाही. त्रासाच्या अटीने मोजलं तर तिची केस कमकुवत. आणि जिला घरातून हाकललं, जिचं शिक्षण तुटलं, तिची केस भक्कम. लोकांच्या क्रूरपणाची नोंद आपण रुग्णाच्या खात्यावर लक्षण म्हणून करतो. चांगलं वागवलं गेलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागावी, असा नियम मला मान्य होत नाही.

खरा, आतून येणारा क्लेश नसतोच असं मी म्हणत नाही. पुष्कळांना असतो, आणि तो भयंकर असू शकतो. दाढी फुटायला लागल्यावर खोलीचा दिवा न लावणारी माणसं आहेत, पाळीच्या चार दिवसांत अंथरुणातून न उठणारी आहेत. या क्लेशाची दखल घेतलीच पाहिजे, आणि नैराश्य असेल तर त्यावर उपचार झाले पाहिजेत. पण नैराश्याला स्वतःचं निदान आहे. ते वेगळं लिहिता येतं. तफावतीचा उपचार मिळण्यासाठी नैराश्याचं भाडं भरायला लावण्याची गरज नाही.

अट किती अडचणीची आहे हे डीएसएमने स्वतःच एका जागी कबूल केलं आहे. हार्मोन घेणाऱ्या पुष्कळांना ते आयुष्यभर घ्यावे लागतात. उपचार लागू पडला, माणूस सुखी झाला, की त्रास संपतो. त्रास संपला की निदान उरत नाही. निदान उरलं नाही तर औषध कोणत्या आधारावर लिहायचं? यासाठी डीएसएम-५ मध्ये 'संक्रमणानंतर' (इथे संक्रमण म्हणजे एका लिंगातून दुसऱ्यात जाणं) अशी एक जोड-नोंद आहे, म्हणजे बरा झालेला माणूसही निदानाखाली राहू शकेल. माझा मित्र हार्मोन सुरू केल्यानंतर चार वर्षांनी नव्या डॉक्टरकडे गेला, जुने निवृत्त झाले म्हणून. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "सध्या त्रास कितपत आहे?" तो म्हणाला, "काहीच नाही, मजेत आहे." डॉक्टर बराच वेळ कागद चाळत राहिले. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "मजेत आहे हे सांगायला नको होतं का गं?" उपचाराचा गुण आला हेच त्याला लपवावंसं वाटलं. आयसीडी-११ च्या व्याख्येत हा पेचच उद्भवत नाही. तफावत होती, उपचाराने जुळवून घेतली, आणि ती जुळलेली राहण्यासाठी औषध चालू आहे.

मग कोणी विचारेल, आजार नाही म्हणता तर वैद्यकीय ग्रंथात हवंच कशाला? काढून टाका. समलैंगिकता १९७३ मध्ये डीएसएममधून काढलीच ना? हा प्रश्न ट्रान्स चळवळीतूनही आला आहे आणि त्यात तथ्य आहे. पण समलैंगिक माणसाला समलैंगिक म्हणून जगण्यासाठी डॉक्टरकडून काहीच लागत नाही. ट्रान्स माणसाला अनेकदा लागतं. औषध, शस्त्रक्रिया, रक्ततपासण्या. विमा कंपनी असो की सरकारी रुग्णालय, पैसे देणाऱ्याला कागदावर एक क्रमांक हवा असतो. तो नसेल तर उपचार शौकाच्या यादीत जातात आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो बाहेर राहतो. आरोग्य संघटनेने विषय ग्रंथात ठेवला, पण मानसिक विकारांतून हलवला, तो हा विचार करून. गरोदरपण आजार नाही, तरी त्याला आयसीडीत पूर्ण प्रकरण आहे आणि कोणत्याही गरोदर बाईला आपण किती दुःखी आहोत हे सिद्ध करून तपासणी मिळवावी लागत नाही. मला हा मार्ग पटतो.

हलवलं म्हणजे संपलं असं मात्र नाही. नावं पुढे जातात आणि क्रमांक मागे राहतात. अमेरिकेत अजून आयसीडी-१० वर आधारलेली क्रमांकपद्धत चालते. त्यामुळे तिथे डॉक्टर निदान डीएसएम-५ प्रमाणे जेंडर डिसफोरिया असं करतात आणि बिलावर क्रमांक घालतात एफ ६४.०, ज्याचं त्या यादीतलं मूळ नाव ट्रान्ससेक्शुअलिझम आहे. १९८० चा शब्द २०१३ च्या निदानाच्या पाठीवर बसून फिरतो आहे. माझ्या मित्राच्या फाइलवरही तोच क्रमांक आहे. फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दात बघायला का बसलेला असेना, पहिल्या पानावर मानसिक विकाराचं अक्षर दिसतं.

भाषेबद्दल आणखी थोडं. इन्कॉन्ग्रुअन्ससाठी मराठीत 'लिंगभाव विसंगती' असा शब्द वापरला जातो. व्युत्पत्तीने तो बरोबर असेल, पण विसंगती म्हटलं की आपल्या कानाला काहीतरी बिनसलेलं, दोषाचं ऐकू येतं. जबाबात विसंगती सापडते, हिशेबात विसंगती सापडते. डिसफोरियासाठी 'अस्वस्थता' म्हणतात, ते फारच मवाळ आहे. परीक्षेआधीही अस्वस्थता येते. तफावत हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. दोन गोष्टींत अंतर आहे एवढंच तो सांगतो, चूक कोणाची हे सांगत नाही. आयसीडी-११ च्या व्याख्येत एक छोटासा तुकडा आहे, शरीर अनुभवलेल्या लिंगभावाशी जुळवण्याबद्दलचा: व्यक्तीला हवं तितकं आणि शक्य असेल तितकं. त्या 'हवं तितकं'मध्ये मला अख्ख्या ग्रंथातली सर्वांत मोठी सुधारणा दिसते. आयसीडी-१० विरुद्ध लिंगाची व्यक्ती म्हणून जगण्याच्या इच्छेबद्दल बोलायचा, म्हणजे या काठावरून थेट त्या काठावर. आता कोणाला फक्त हार्मोन हवे असतील, कोणाला फक्त छातीची शस्त्रक्रिया, कोणी स्वतःला पुरुषही म्हणत नसेल आणि स्त्रीही, तरी निकषांत त्याला जागा आहे. डीएसएम-५ मध्येही 'किंवा अन्य एखादा लिंगभाव' असे शब्द आले आहेत. पण सहावं लक्षण, आपल्या भावना दुसऱ्या लिंगासारख्या असल्याची खात्री, तिथे अजून आहे. पुरुषाच्या ठरावीक भावना कोणत्या? राग? आणि कपडे शिवण्याचा आनंद कोणाच्या खात्यावर टाकायचा? आयसीडी-११ ने हे लक्षण घेतलं नाही ते योग्यच केलं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी आयसीडी-११ च्याही बाजूने पूर्ण उभी नाही. पौगंडावस्थेपूर्वीच्या मुलांसाठी तिथे वेगळं निदान आहे. तफावत सुमारे दोन वर्षं टिकलेली हवी, दुसऱ्या लिंगाचं असण्याची तीव्र इच्छा हवी, शरीराबद्दल नावड हवी, आणि खेळ, खेळणी, सवंगडीही त्या लिंगाला साजेसे हवेत. म्हणजे मोठ्यांच्या निकषांतून गेलेल्या बाहुल्या इथे परत आल्या. डीएसएम-५ मुलांसाठी सहा महिने आणि आठांपैकी सहा लक्षणं मागतो, त्यात दुसऱ्या लिंगाचं असण्याची इच्छा सक्तीची. ती सक्ती नवी आहे आणि महत्त्वाचीही. १९९४ च्या निकषांत पाचांपैकी चार पुरे होती, म्हणजे 'मी मुलगी आहे' असं एकदाही न म्हटलेला, फक्त मुलींचे कपडे, खेळ आणि मैत्रिणी आवडणारा मुलगाही पहिल्या कसोटीत बसू शकत होता. पुढे तो मोठा होऊन ट्रान्स निघाला नाही, की आकडेवारीत 'विचार बदललेला' म्हणून मोजला जाणार. मुलं मोठेपणी यातून बाहेर पडतात का, या वादात जुन्या अभ्यासांचे आकडे फेकले जातात तेव्हा आधी हे विचारायला हवं, की त्या अभ्यासातली मुलं कोणत्या चाळणीतून आत आली होती.

माझी मूळ अडचण वेगळी आहे. या वयात कोणतंही औषध दिलं जात नाही, द्यायचंही नसतं. मुलाला लागतं ते ऐकून घेणारं घर, सुरक्षित शाळा आणि गरज पडली तर आईवडिलांशी बोलणारा समुपदेशक. त्यासाठी मुलाच्या नावावर निदान कशाला? समर्थक म्हणतात, क्रमांक नसेल तर समुपदेशनाचे पैसे मिळणार नाहीत, डॉक्टर याबद्दल शिकणार नाहीत. हे म्हणणं पोकळ नाही. तरी मला वाटतं, समुपदेशनाची गरज नोंदवायला आयसीडीत इतर रकाने आहेत, आजार नसतानाही आरोग्यसेवा का घेतली हे सांगणारे. ते वापरावेत.

पौगंडावस्थेतल्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांनी अशा मुलांच्या उपचारांचा आढावा घेऊन २०२४ च्या एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं, की कोणत्या मुलांची ट्रान्स ओळख कायम टिकेल हे डॉक्टरांना खात्रीने सांगता येत नाही. त्या अहवालावर आणि त्याच्या वापरावर तीव्र मतभेद आहेत. मला त्यातलं हे एक वाक्य मान्य आहे, आणि ते निदानाच्या मर्यादेबद्दल आहे असं मी समजते. निकष आजची तफावत नोंदवतात, भविष्य सांगत नाहीत. भविष्य सांगण्याचं ओझं त्यांच्यावर टाकलं की ते दोन्ही बाजूंनी मोडतात.

इथेच सर्वांत जोरदार प्रतिवाद येतो. निकष सैल केले तर घाईत चुकीचे निर्णय होतील, पुढे पस्तावा होईल, म्हणून चाळणी बारीक हवी. पस्तावा होणारी माणसं असतात. त्यांची काळजी मलाही आहे. पण बारीक चाळणीसमोर माणूस काय करतो? आम्ही त्या रात्री जे केलं तेच. ज्याला शंका आहे तो शंका लपवतो, कारण शंका बोलून दाखवली तर पत्र मिळणार नाही. ज्या खोलीत शंका उच्चारता येत नाही त्या खोलीत चुकीचा निर्णय पकडला जाणार कसा? आवाज बदलेल याचा आनंद आहे पण केस जातील याची भीती वाटते, हे वाक्य माझ्या मित्राने मला सांगितलं, डॉक्टरांना नाही.

वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थने २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती काढली. प्रौढांसाठी तिथे तफावत ठळक आणि टिकाऊ आहे का हे पाहायला सांगितलं आहे, समजून-उमजून संमती देण्याची क्षमता तपासायला सांगितली आहे, इतर शक्यता आणि इतर आजार पाहायला सांगितले आहेत. निदान कुठे? जिथे उपचार मिळण्यासाठी ते आवश्यक असेल तिथे. पूर्वी काही शस्त्रक्रियांसाठी दोन तज्ज्ञांची पत्रं लागत, आता एक पुरे. अर्जेंटिनाने तर २०१२ च्या कायद्यातच ठरवलं की कागदपत्रं बदलायला निदान लागणार नाही, आणि प्रौढ व्यक्तीला उपचार माहितीपूर्ण संमतीवर मिळतील. उलट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये फ्रान्सच्या खटल्यात कागदपत्रांवरची लिंगाची नोंद बदलण्यासाठी वंध्यत्वाची अट बेकायदा ठरवली, पण निदानाची अट चालू दिली. देह कापण्याची सक्ती नको, मनावरचा शिक्का चालेल, असा तो निकाल मला वाटला. नागरिकाची नोंद आणि रुग्णाचा उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत डॉक्टरचं कामच नाही. दुसरीत आहे, आणि ते काम समोरच्याला काय हवंय, त्याने काय होईल, काय होणार नाही आणि काय परत फिरवता येणार नाही, हे त्याच्याबरोबर बसून पाहण्याचं आहे.

आठव्या आवृत्तीत आणखी एक कलम आहे: उपचाराचा प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम आणि ती जपून ठेवण्याचे पर्याय आधी बोलून घ्यावेत. माझ्या मित्राच्या त्या पन्नास मिनिटांत खेळ झाले, शाळा झाली, आरसा झाला, पहिलं प्रेम झालं. पुढे कधी मूल हवंसं वाटेल का, हे कोणी विचारलं नाही. हार्मोन सुरू करून आठ महिने झाल्यावर एका संध्याकाळी त्याने ते मला विचारलं, म्हणजे आता उशीर झाला का, असं. मी तेव्हा निकषांची दोन्ही पुस्तकं वाचून संपवली होती. उत्तर दोन्हींत नव्हतं.